खड्ड्यांभोवती चौकोन

गुरुवार, ८ जानेवारी

पाऊस आज थांबला. मस्कतला थंडीच्या दिवसांत थोडा पाऊस होतो हे कौशिकने मला आणण्याआधीच सांगितलं होतं. थोडा म्हणजे असा, हे नव्हतं सांगितलं. मागच्या बाजूची कोरडी वादी, म्हणजे इथला ओढा, नदीसारखी भरून वाहिली आणि तिचं पाणी आमच्या गल्लीतून समुद्राकडे गेलं. जाताना रस्ता बरोबर घेऊन गेलं.

सकाळी छत्री घेऊन पाहून आलो. पावसाची नाही, मोजायची छत्री. गल्लीच्या तोंडाशी एका खड्ड्यात छत्रीची दांडी अर्धी गेली. समोरच्या घरातल्या महमूदच्या फाटकाशी दुसरा, तो उथळ आहे पण लांब. मधे तर मोजण्यात अर्थ नाही. रस्त्यावर खड्डे आहेत की खड्ड्यांत रस्ता आहे हे ठरवायला पाहिजे.

कौशिक म्हणाला, "बाबा, बलदिया म्हणजे इथली नगरपालिका, ते करतील. ही गावची पंचायत नाही."

मी छत्री जागेवर ठेवली. पण संध्याकाळी तो आणि सून विशाखा डॉक्टरकडून आले तेव्हा मी गॅलरीतच होतो. गाडी खड्ड्यात गेली, खालून ठाण्ण वाजली आणि विशाखाने पोटावर हात धरला. आठवा महिना सरत आला आहे.

दोन वर्षांपूर्वी सहाव्या महिन्यात गेलं होतं. त्यावर आमच्या घरात कोणी बोलत नाही. मी पण इथे लिहिलं ते फक्त यासाठी, की मला रस्त्याची एवढी काळजी का, हे मला स्वतःलाच कधी विचारावंसं वाटलं तर उत्तर सापडावं.

रविवार, ११ जानेवारी

कौशिकने मोबाइलवरून तक्रार केली. लगेच एक नंबर आला. त्यानंतर काही आलं नाही.

बायकोचा फोन आला, मैनेचा. खरं म्हणजे बाळंतपणाला यायचं होतं तिने. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती देवरुखला राहिली आणि मला पाठवलं. मी तिला खड्ड्यांचं सांगितलं.

ती म्हणाली, "तुम्हाला सुनेकडे लक्ष द्यायला पाठवलंय, रस्त्याकडे नाही."

"रस्त्याकडे लक्ष म्हणजे सुनेकडेच लक्ष."

"मेथीचे लाडू खाते का ती?"

ते मी विचारलं नव्हतं. विचारून सांगतो म्हटलं.

बुधवार, १४ जानेवारी

आज मी स्वतः काम केलं. कोपऱ्यावर एक घर पाडून नवं बांधताहेत, तिथून फुटक्या फरशा आणि खडी घमेल्यात भरून आणली आणि गल्लीच्या तोंडाचा मोठा खड्डा भरला. वरून वाळू टाकून पायाने दाबली. छान दिसत होतं.

तासाभरात पाण्याचा टँकर त्यावरून गेला. फरशीचा एक तुकडा उडून महमूदच्या लँड क्रूझरच्या दाराला लागला. महमूद म्हणजे समोरचे ओमानी गृहस्थ, माझ्याच वयाचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. सदा पांढरी स्वच्छ दिशदाशा, म्हणजे त्यांचा पायघोळ झगा. मी धावत जाऊन हात जोडले. त्यांनी दारावरचा ओरखडा बोटाने पुसून पाहिला, पुसला जात नाही असं बघून हसले आणि मला आत नेलं.

त्यांना हिंदी चांगलं येतं. मला हिंदी शाळेतल्या नोटिसांपुरतं. कहवा दिला, खजूर दिला. कप रिकामा झाला की ते परत भरत. पाहुण्याने नको म्हणायचं नाही म्हणून मी पीत राहिलो. शेवटी त्यांचाच हात दुखला असावा. घरी आल्यावर कौशिकने सांगितलं की पुरे झालं की कप जरा हलवायचा असतो. हे आधी सांगायला काय होतं?

त्यांनी निघताना विचारलं, "रमण भाई, रस्ता क्यों भरता है?"

मी म्हटलं, "बहू."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मग मला फाटकापर्यंत सोडायला आले.

शनिवार, १७ जानेवारी

भरणं आपलं काम नाही हे पटलं. मग रात्रभर विचार केला की आपलं काम कोणतं.

देवरुखजवळच्या हायस्कुलात मी सारी नोकरी शिपाई म्हणून केली. स्वतः सातवीपर्यंतच शिकलो, पण कबड्डीचं मैदान आखायला तालुक्यात माझ्यासारखा माणूस नव्हता, हे हेडमास्तर तपासनीसांसमोर सांगत. सुतळी, खिळे आणि फक्की. खड्डा बुजवता येत नसेल, पण दिसेल असा करता येतो. कौशिक अंधार पडल्यावर कामावरून येतो. त्याला पांढरी रेघ दिसली तर तो गाडी बाजूने काढेल.

मुनीरला फोन केला. तो रत्नागिरीचा, हमरियात बांधकामाच्या सामानाचं दुकान आहे त्याचं. कौशिकच्या घराचं प्लंबिंग त्यानेच करून दिलं, तेव्हापासून मला काका म्हणतो. आज सामान पोचवायला इकडे अल हैलला आला होता, चुन्याची पोती टाकून गेला.

"काका, घर रंगवताव काय?"

"नाही रे. मैदान आखायचंय."

"या वयात कबड्डी?" तो म्हणाला. "मला पन बोलवा. मी पंच."

दुपारपर्यंत काम केलं. वाकडंतिकडं वर्तुळ मला जमत नाही, मन लागत नाही त्यात. प्रत्येक खड्ड्याभोवती चौकोन, कोपरे काटकोनात. मोठे खड्डे झाले. मग छोटे. मग जिथे रस्ता नुसता दबला आहे, खड्डा अजून झालेला नाही, पण होईल असं मला वाटतं, तिथेही. शेवटी आमच्याच एसीचं पाणी ठिबकून जिथे ओल असते, तिथेही एक मारला. उद्या झाला तर कोण जबाबदार?

गुरुवार, २२ जानेवारी

चौकोनांचा परिणाम फार चांगला आहे. येणारी प्रत्येक गाडी गल्लीत शिरताना हळू होते. एक मुलगी स्कूटर थांबवून मला अंगठा दाखवून गेली. कौशिक पहिल्या दिवशी रागावला होता, "बाबा, हे काय करून ठेवलंय, लोक काय म्हणतील." आता तोही चौकोनांमधून नागमोडी गाडी काढतो.

सकाळी दव पडतं, त्यात फक्की घट्ट बसते. तरी रोज नाश्त्याआधी पुसट कोपरे परत काढतो.

संध्याकाळी विशाखाला चालायला सांगितलंय डॉक्टरांनी. ती म्हणते एकटी जायला भीती वाटते, तुम्ही चला. म्हणून मी जातो. तिला कंटाळा येऊ नये म्हणून गावच्या गोष्टी सांगतो. तीही सारखं काहीतरी विचारत राहते. मला तर घरी बसायलाच आवडतं, पण तिच्यासाठी जावं लागतं.

आज एका चौकोनापाशी थांबून म्हणाली, "बाबा, यात खड्डा कुठाय?"

"होणार आहे."

"कधी?"

"ते सांगता येत नाही. पण लक्षणं आहेत."

ती गंभीरपणे चौकोनाला वळसा घालून गेली. परत येताना पण घातला. समजूतदार मुलगी आहे.

लाडवांचं विचारायचं राहिलंच.

बुधवार, २८ जानेवारी

आज फार मान मिळाला. पांढरी पिकअप आली, आतून हेल्मेट घातलेला एक तरुण ओमानी उतरला. त्याने गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन प्रत्येक चौकोनाचा फोटो काढला. एक चौकोन तर टेप लावून मोजला आणि स्वतःशीच मान डोलावली. मी फाटकात उभा होतो. मी सलाम केला, त्याने छातीवर हात ठेवून सलाम घेतला.

बहुतेक वर्तमानपत्रात देणार असेल. विशाखा गॅलरीतून बघत होती. मी वर येऊन सांगितलं तेव्हा ती काही बोलणार होती, मग म्हणाली, "चहा ठेवू का?"

मैनेलाही सांगितलं. ती म्हणाली, "फोटो तुमचा काढला की चौकोनांचा?"

चौकोनांचा.

"मग ठीक आहे," ती म्हणाली.

सोमवार, २ फेब्रुवारी



कौशिक अल खुवैरला ऑफिसला गेल्यावर थोड्या वेळाने ट्रक आला. मागे डांबर कापायचं मशीन, त्याच्यामागे एक पिवळा छोटा बुलडोझर. मला आनंद झाला. बलदियाने ऐकलं शेवटी. मी खुर्ची घेऊन फाटकात बसलो.

मशीनने पहिला खड्डा कापला. माझ्या रेघेवरून. बरोबर माझ्या रेघेवरून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग दुसरा. मला बरं वाटलं की आपलं आखलेलं त्यांच्या कामी आलं. मग त्यांनी तो चौकोन कापला ज्यात खड्डा नाही. मी उठून उभा राहिलो. मग पुढचा, ज्यात खड्डा नाही.

मी त्यांच्या मुकादमाकडे गेलो. झैन नावाचा सियालकोटचा माणूस, डोक्याला फडकं बांधलेला. मी विचारलं, "इधर क्यों काटता है? इधर तो ठीक है."

तो म्हणाला, "चाचा, निशान लगा है. साहब की लिस्ट में है. रमजान से पहले सब खलास करना है."

"निशान किसने लगाया?"

"इंजीनियर साहब ने. देखो कितना सीधा लगाया है. पंद्रह साल में ऐसा निशान नहीं देखा."

मी परत येऊन खुर्चीवर बसलो. एसीच्या पाण्याखालचा पण कापला त्यांनी.

संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली चौकोनी भोकांची झाली. इकडे एक, तिकडे एक, मधून सायकलसुद्धा जाणार नाही. डांबर दोन-तीन दिवसांनी येईल म्हणतात. तोंडाशी लाल-पांढरी पट्टी बांधली. कौशिकने गाडी बाहेर मोठ्या रस्त्यावर लावली आणि बूट हातात घेऊन आला. त्याला काही कळलेलं नाही. तो म्हणाला, "बघा बाबा, मी म्हटलं नव्हतं? करतात ते."

डॉक्टरांनी तारीख पुढच्या आठवड्यातली दिली आहे. गाडी आमच्या दारापर्यंत येऊ शकत नाही. ज्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं केलं तीच आता होणार नाही, आणि हे माझ्याच हातून झालं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सकाळी जेवण गेलं नाही. व्हिसा रद्द होईल का, पोलीस येतील का, कौशिकची नोकरी जाईल का, असं एकामागून एक येत होतं. शेवटी विशाखाला सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती.

ती म्हणाली, "मला माहीत आहे बाबा."

"कधीपासून?"

"तो पिकअपवाला टेप लावून मोजत होता तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होता."

आणि ती हसायला लागली. थांबेना. एसीच्या पाण्याखालच्या चौकोनाचं आठवलं की परत सुरू. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या, पोट धरून बसली. मी म्हटलं, असं हसू नये या दिवसांत. त्यावर अजूनच हसली. या घरात इतकं मोठ्याने हसलेलं मी आल्यापासून ऐकलं नव्हतं.

दुपारी झैनलाही सांगितलं, कारण न सांगता घास उतरेना. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग हातातली पाण्याची बाटली खाली ठेवून माझे दोन्ही हात धरले.

"चाचा, ये आप ने किया?"

"गलती हो गया."

"चुप रहो. किसी को मत बोलो. नीचे से सड़क पूरी खोखली है, जहाँ काटा वहाँ पानी निकला. अल्लाह ने करवाया समझो." मग मागे वळून आपल्या माणसांना ओरडून काहीतरी सांगितलं. ते सगळे माझ्याकडे बघून हसले. एकाने सलाम ठोकला. किसी को मत बोलो म्हणणारा हाच.

खालून पोकळ आहे हे ऐकून जरा बरं वाटलं. पण दार बंद आहे ते बंदच आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

आजचं सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर विसरेन.

सकाळी विशाखा ओट्याला धरून उभी होती. मी विचारलं तर म्हणाली, गॅस झाला असेल. मी ओवा दिला. थोड्या वेळाने परत धरून उभी राहिली. मी म्हटलं अजून ओवा घे. तिने घेतला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "बाबा, कौशिकला फोन करा. आणि तुम्ही घाबरू नका."

मी अजिबात घाबरलो नाही. फक्त फोन उलटा धरला होता म्हणून आवाज येत नव्हता.

कौशिक म्हणाला निघतोय, पण रस्त्यावर अपघात झालाय, ट्रॅफिक सरकत नाही, तोवर कोणाला तरी बघा. मी चपला न घालताच महमूदकडे गेलो. फाटक वाजवलं. काय बोलायचं ते हिंदीत आठवेना. "बहू" एवढंच म्हणालो. त्यांनी परवाच आपली लँड क्रूझर गल्लीबाहेर काढून ठेवली होती. कशाला, ते मला माहीत नव्हतं. त्यांनी किल्ली उचलली, आत बायकोला हाक मारली. ती काळा अबाया चढवत आली आणि सरळ आमच्या जिन्याकडे गेली.

मग गल्ली. विशाखा एका बाजूला महमूदच्या बायकोला धरून, दुसऱ्या बाजूला मला. झैनच्या माणसांनी काम थांबवलं. त्याने एकदाच ओरडून सांगितलं, "यल्ला, फट्टे लाओ," आणि ते फळ्या घेऊन चौकोनांवर टाकत आमच्यापुढे चालले. पुढची फळी टाकायची, मागची उचलायची. मी सांगत होतो, इथे डावीकडे, इथे कोपऱ्यावरून, इथे दोन चौकोन जवळजवळ आहेत. डोळे मिटून सांगू शकलो असतो. मीच आखले होते.

मधे कळ आली तेव्हा ती थांबली. एकाने प्लास्टिकची खुर्ची आणली. तिला बसायचं नव्हतं. ती माझ्या दंडाला धरून उभी राहिली आणि तिची बोटं अजून माझ्या दंडावर उमटलेली आहेत. मग म्हणाली, "बाबा, या चौकोनात खड्डा होता का?"

मी खरं सांगितलं. "नव्हता."

ती हसली, आणि कळ असूनही पुढे चालली. सगळी गल्ली ती पायी गेली. एकही धक्का लागला नाही.

गाडीत महमूद इतके हळू चालवत होते की मागची प्रत्येक गाडी हॉर्न देत होती. ते आरशात बघून अरबीत काहीतरी पुटपुटत आणि मला म्हणत, "मा फी मुश्किल, कोई मुश्किल नहीं, रमण भाई." त्यांच्या कपाळावर घाम होता. मी त्यांना धीर दिला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, चांगलं झालं चालवत आणलंत, पुष्कळ काम झालंय. कौशिक दोन पायऱ्या एकदम चढत आला. तो आत गेला आणि मी आणि महमूद बाहेर बाकावर बसलो. ते जपमाळ ओढत होते. मी नुसता बसलो होतो. दोन वर्षांपूर्वीही कौशिक असाच बाकावर एकटा बसला असेल, तेव्हा मी देवरुखला होतो. हे आजच मनात आलं.

दुपारच्या बांगेच्या थोडं आधी दार उघडलं. मुलगी. रडत होती. दोघी ठीक.

महमूदनी मला मिठी मारली. माझं डोकं त्यांच्या खांद्याला लागलं आणि त्यांची कुम्मा टोपी खाली पडली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

काल डांबर पडलं. आज सुट्टी असूनही झैन रोलर फिरवून गेला, म्हणाला बच्ची येणार आहे ना. मी त्यांना चहा दिला. मुनीर आला, पेढ्यांचा डबा हमरियातून घेऊन. रस्ता बघून म्हणाला, "काका, मैदान झकास झालं. आता मॅच कदी?"

मैना फोनवर रडली. मग नाक पुसून विचारलं, "कोणासारखी दिसते?"

मी म्हटलं, नीट पाहिली नाही, कापडात होती. पण रस्ता गुळगुळीत झालाय.

"तुमचं कर्म," ती म्हणाली. "बाळाचं सांगा."

सोमवार, ९ फेब्रुवारी

बाळ घरी आलं. मी गॅलरीतून बघत होतो. कौशिक इतका हळू आला की मला वाटलं गाडी बंद पडली. जुन्या करड्या रस्त्यावर नवे काळे चौकोन, त्यांवरून गाडी सरकत आली आणि कुठेच काही वाजलं नाही. महमूद फाटकात उभे राहून हात वर करून आशीर्वाद देत होते. विशाखा उतरून म्हणाली, "बाबा, झोपूनच आली."

रस्त्याची काळजी संपली. दुसऱ्या अनेक आहेत. बाळ फार कमी रडतं, याचं काय कारण असेल? एसीची हवा तिला चालेल का? मैनेला विचारलं तर ती म्हणते, तुम्ही गप्प बसा. विशाखालाही विचारलं. ती उठून आली, बाळाला माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, मी जरा अंघोळ करून येते.

मी म्हटलं मला येत नाही धरायला. ती गेली सुद्धा.

त्याला आता बराच वेळ झाला. विशाखा अंघोळ करून आली, डोकावून गेली, घ्यायला काही येत नाही. बाळ माझ्या डाव्या हातावर झोपलं आहे आणि हात बधिर झाला आहे. वही मांडीवर आधीपासून होती म्हणून बरं. नाक मैनेसारखं आहे, आता अगदी जवळून पाहिलं. हे मैनेला सांगायला पाहिजे, पण फोन टेबलावर आहे.

आज अक्षर वाकडं आलं आहे. ओळी सरळ राहिल्या नाहीत. पान उलटायला दुसरा हात लागेल, तेव्हा कागद संपेल तिथेच थांबेन.